रेवाल चालीच्या नावाखाली माझे ३,६७,९०० रुपये गेले

माझ्या मणक्यात गॅप आहे. घोड्याची दुडकी चाल मला सोसत नाही. तिच्यात पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरपे पाय जोडीनं पडतात आणि दर टापेला स्वार उसळतो. रेवालमध्ये एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास एकत्र उचलतात, पाठीला हिसका बसत नाही. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत काहींना ही चाल जन्मजात असते. पन्नाशीनंतर पुन्हा रिकिबीत पाय घालायचा तर रेवाल घोडीच हवी होती. ही नुसती हौस नव्हती.

मुंबईच्याच एका उपनगरातल्या तबेल्यात दलालानं कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, मारवाडी घोडी दाखवली. कानांची टोकं वर एकमेकांना टेकलेली. त्याचा माणूस हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास घेऊन तिच्यावर फेरी मारून आला, थेंब सांडला नाही. मी भाळलो. कानांवरून जात कळते, चाल नाही, एवढंही तेव्हा सुचलं नाही.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. फेरी झाल्यावर मोतद्दारानं, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या माणसानं, खोगीर उतरवून तिला अंगणात मोकळी सोडली. ती पळाली ती सरळ दुडकीत, तिरप्या पायांनी. माझी बायको म्हणाली, "अहो, ही आता वेगळी का चालतेय?" दलाल म्हणाला, "वहिनी, मोकळा घोडा खेळतो." रेवाल घोडाही कधी दुडकी धरतो हे मला माहीत होतं, म्हणून मी गप्प बसलो. पण डाव्या बाजूच्या दोन्ही पायांना, घोट्याच्या वर, केस झडून पांढरे पट्टे पडले होते. ते मी पाहिले होते. विचारलंसुद्धा. "माशा चावल्या," म्हणे. माशा काय एकाच बाजूला चावतात?

बयाणा २५,०००, बँकेतून २,६०,०००, रोख ५५,००० (पावती नाही, रोख देऊच नका). कर्जतपर्यंत गाडीचं भाडं १८,५००.

तिसऱ्या दिवशी घोडी लंगडली. डॉक्टर आणि एक्स-रे मिळून ९,४००. डॉक्टरांनी पट्टे पाहताच सांगितलं की पुढचा-मागचा पाय दोरीनं जखडून ही चाल बसवली आहे, आणि दाखवण्याच्या दिवशी वेदनाशामक दिलेलं असणार. व्यवहाराआधी रक्त तपासून घ्या, आणि डॉक्टर तुमचा न्या, त्यांचा नको.

पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. पहिल्यांदा "दिवाणी मामला आहे, वकील करा." मग "घोडी मिळाली ना, मग फसवणूक कसली?" तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. चौथ्यांदा अर्ज घेतला, पोच मात्र दिली नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, हे मी त्यांना वाचून दाखवलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणाले, तुम्ही स्वतः जाऊन, पाहून पैसे दिलेत. जनावराचे पाय जखडून त्याचे हाल केले म्हणून १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार घ्या म्हटलं तर हद्द कुठली यावर दोन ठाणी माझ्यासमोर फोनवर भांडली. मी काय घोडीला घेऊन दारात उभं राहायचं होतं?

घोडा न कळवता, दोनदा, वेगवेगळ्या दिवशी बघायला जा. खोगिराशिवाय मोकळा चालू द्या आणि मोबाइलवर संथ गतीत चित्रण करा. शक्य असेल तर त्याची आई किंवा शिंगरं बघा. रेवाल शिंगरू आईमागे पळतानाच ती चाल दाखवतं.

घोडी माझ्याकडेच आहे. तिला विकणार नाही, तिच्यावर बसणारही नाही. डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती सांगितली आहे. सोमवारी पोच मागायला पाचव्यांदा जातोय.