दाखवली एक, दिली दुसरी : सांगलीतल्या गिटार-खरेदीचा अनुभव

सांगली-मिरजेत कुणी पातळ बॉडीची, शॉर्ट स्केल अकूस्टिक गिटार घ्यायच्या विचारात असेल, तर हे आधी वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. फसवायची पद्धत मात्र सविस्तर लिहिते, ती कुठल्याही गावात, कुठल्याही दुकानात भेटू शकते.

माझा उजवा खांदा आखडलेला आहे. नेहमीची ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाची गिटार मांडीवर घेतली की तिच्या जाड पोटावरून हात टाकताना खांदा उचलून धरावा लागतो, आणि थोड्याच वेळात मानेपर्यंत कळ जाते. त्यात बोटं आखूड. क्लासच्या सरांनी सांगितलं, पातळ बॉडी आणि २४ इंचांच्या आतलं स्केल बघा, उगाच अंगाशी भांडत बसू नका.

स्केल म्हणजे वरच्या नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) खाली ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतची (पोटावर तारा टेकतात ती पट्टी) तारेची लांबी. मोठ्या गिटारीत ती साधारण २५.५ इंच, म्हणजे ६५ सेंटिमीटरच्या आसपास. टेलर कंपनीच्या जीएस मिनी या छोट्या गिटारीत २३.५ इंच. दोन इंचांनी काय होतंय, असं वाटेल. पण पहिल्या चार फ्रेटमध्येच (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बोटं ताणायचं अंतर एका सेंटिमीटरहून जास्त कमी होतं, आणि त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर त्यांचा खेच जवळजवळ १५ टक्क्यांनी उतरतो. दुखऱ्या हाताला हे लगेच कळतं. पातळ गिटार आखूड असतेच असंही नाही. यामाहाची एपीएक्स ६०० अंगाने पातळ आहे, पण तिचं स्केल ६३.४ सेंटिमीटर. आणि दुकानात ‘३८ इंची’ म्हणतात ती शेंड्यापासून बुडापर्यंतची अख्खी लांबी, स्केल नव्हे. हा घोळ विकणाऱ्यांच्या चांगलाच पथ्यावर पडतो.

मी टेप घेऊनच गेले होते. शोकेसमधली गिटार खाली काढून घेतली, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजलं. तीस सेंटिमीटरला किंचित कमी. बाराव्या फ्रेटवर तार बरोबर निम्मी होते, म्हणून या मापाची दुप्पट म्हणजे स्केल. हिशोब जुळला. वरचं लाकूड अखंड स्प्रूसचं होतं, आवाज मोकळा होता, खांद्याला त्रास नव्हता. भाव ठरला २२,००० रुपये.

इथून पुढचं नीट वाचा. मालक म्हणाले, “ताई, हा डिस्प्लेचा पीस. दहा जणांचे हात लागलेत. तुम्हाला कशाला ओरखडेवाली देऊ? मुंबईहून नवीकोरी मागवतो, त्याच भावात.” निम्मे पैसे ॲडव्हान्स घेतले. पावती म्हणून चिठोऱ्यावर ‘गिटार १’ आणि रक्कम. पक्कं बिल माल आल्यावर.

माल दुकानात आलाच नाही. त्यांचा पोरगा विश्रामबागेत आमच्या घरी घेऊन आला, खाली टेम्पो थांबलाय म्हणून घाईत. बॅग होती, खोका नव्हता. खोका म्हणे वाटेत भिजला. तारा पार ढिल्या. वर मालकांचा फोन : “ताई, प्रवासातून आलीय, लगेच ताणू नका. लाकूड बसू दे, मग सूर लावा.” ऐकायला जाणकाराचा सल्ला वाटतो. खरा उपयोग एवढाच की गिटार वाजवून बघता येत नाही, आणि उरलेले पैसे मात्र वाजवून घेतले जातात. तेही यूपीआयने, भलत्याच नावाच्या खात्यावर.

सूर लावल्यावर पहिल्याच सी कॉर्डला बोटं पुरेनात. टेप लावला. नट ते बारावा फ्रेट साडेबत्तीस सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण स्केलची गिटार. बॉडी पातळ, रंग तोच, डोक्याचा आकार तोच, आणि मान लांब.

मग बारकाईने बघितलं. तारा चकचकीत नव्या होत्या, पण त्या बाजूला सारून फ्रेट पाहिले तर दुसऱ्या तारेखाली पहिल्या फ्रेटवर नखाला लागेल एवढी खाच. तिसऱ्या-चौथ्या तारेखाली दुसऱ्या फ्रेटवरही. सी आणि ए मायनर वाजवणाऱ्याची बोटं नेमकी इथेच पडतात. माझ्या ‘नव्याकोऱ्या’ गिटारीवर कुणीतरी आधीच शिकून झालं होतं!

मिरजेत सतारमेकर गल्लीत ओळखीचे एक कारागीर आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांमुळे. गिटार हे त्यांचं वाद्य नाही, पण लाकूड कळतं. त्यांनी साउंडहोलच्या, म्हणजे पोटावरच्या गोल भोकाच्या कडेवर बॅटरी मारली. अखंड लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसतात; इथे तीन थर स्वच्छ दिसत होते, मधला आडवा. प्लायवुड. आत आरसा धरून लेबल दाखवलं. त्याच्या कडेने जुन्या लेबलाचा डिंक पिवळा पडून उरला होता. “लेबल नवं आहे हो,” एवढंच म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत.

दुकानात गेले तर उत्तर काय, “कृष्णाकाठची हवा दमट, लाकूड फुगतं.” लाकूड फुगतं हे खरं, पण मान अडीच सेंटिमीटर लांबवणारी हवा असती तर सांगलीत सगळेच जिराफ झाले असते. मग सूर बदलला : एकदा विकलेला माल परत घेत नाही, बोर्ड लावलाय.

बोर्डाला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं, हीसुद्धा. त्यामुळे ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करा, तोंडी भांडण नंतर सिद्ध करणं अवघड जातं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. माझ्या बाजूने सगळ्यात उपयोगी पडतंय ते व्हॉट्सॲप : टेप लावलेला शोकेसमधल्या गिटारीचा फोटो, आणि त्याखाली मालकांचा “हीच, नवीन पीस” हा मेसेज. ठरवताना बोलणं झालं तरी घरी येऊन एक ओळ लिहून पाठवा आणि ‘हो’ मिळवा. आयात माल असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असावीच लागते. खोका भिजला म्हणाले तर भिजलेलाच आणा म्हणा.

नोटीस गेल्यावर मालकांचा आवाज मऊ झाला. पैसे पूर्ण परत देतो म्हणाले, पण तक्रार मागे घेतल्याचं आधी सही करून द्या. आधी पैसे माझ्या खात्यात, मग सही, असं मी लेखी कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.