नौपाड्यातील बाह्यग्रह पडताळणी वर्ग: पाच रविवारांनंतरचे मत

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हौशी खगोलप्रेमींचा एक लहानसा गट दर पावसाळ्यात, म्हणजे आकाश झाकलेले असते आणि दुर्बिणी पेटीत असतात तेव्हा, पाच रविवारांचा एक वर्ग घेतो. विषय एकच: ताऱ्याच्या प्रकाशात दिसलेली घट खरोखर बाह्यग्रहामुळे, म्हणजे सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहामुळे, आहे की आणखी कशामुळे, हे कसे ठरवायचे. यंदा आम्ही अठरा जण होतो आणि शुल्क अडीच हजार रुपये होते. खगोलशास्त्राचे बहुतेक अभ्यासवर्ग सापडलेल्या ग्रहांची चित्रे दाखवतात. येथे जवळजवळ सगळा वेळ जे ग्रह नाहीत त्यांच्यावर खर्च होतो, आणि माझ्या मते हेच या वर्गाचे सर्वांत मोठे मोल आहे.

पहिल्या रविवारी पाया घातला गेला. 2004 आणि 2012 साली आपण शुक्राचे अधिक्रमण पाहिले; तसाच एखादा ग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून गेला की त्याची तबकडी दिसत नाही, पण ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा सुमारे एक टक्का प्रकाश अडवतो, तर पृथ्वीएवढा ग्रह दहा लाख भागांतील जेमतेम 84 भाग. केप्लर दुर्बीण 2009 साली आणि टेस 2018 साली याच घटी शोधण्यासाठी अवकाशात गेल्या. टेसच्या संभाव्य ग्रहांची यादी सात हजारांच्या पुढे गेली आहे, आणि त्यांतील प्रत्येक नोंदीला कोणीतरी हाच प्रश्न विचारावा लागतो: हा ग्रह की चकवा? ‘फॉल्स पॉझिटिव्ह’साठी वर्गात सर्रास ‘चकवा’ हाच शब्द वापरतात. रात्री रानात चुकीच्या वाटेवर फिरवत ठेवणारा चकवा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतो, त्यामुळे व्याख्या पाठ करावी लागली नाही.

चकवे तऱ्हेतऱ्हेचे असतात, परंतु सर्वाधिक त्रास देतात ते एकमेकांना ग्रहण लावणारे जोडतारे. समजा, दोन तारे जवळजवळ सारखे आहेत आणि आळीपाळीने एकमेकांना झाकतात. अशा वेळी संगणक दोन्ही घटी एकाच ग्रहाच्या समजतो आणि खऱ्या कालावधीच्या निम्मा कालावधी सांगतो. त्यावरचा उपाय सोपा आहे: पहिली, तिसरी, पाचवी घट एका रंगात आणि दुसरी, चौथी, सहावी दुसऱ्या रंगात काढून एकमेकांवर ठेवायची. मी स्वतः टेसच्या खुल्या नोंदींतून निवडलेल्या एका ताऱ्याची घट इतकी नीटनेटकी होती की तो ग्रहच असणार, असे मी मनाशी धरले होते. ट्रेसिंग कागदावर लाल आणि निळ्या पेन्सिलीने बिंदू मांडल्यावर निळ्या घटीचा तळ लाल घटीच्या तळापेक्षा बोटाच्या अर्ध्या पेराइतका वर राहिला. ग्रह एका खेपेस जास्त आणि दुसऱ्या खेपेस कमी प्रकाश अडवत नसतो. संगणकावर हेच काम क्षणात होते, तरी पहिल्यांदा ते हाताने करायला लावतात याबद्दल मी शिक्षकांचा ऋणी आहे, कारण तो अर्ध्या पेराचा फरक आता विसरणे शक्य नाही.

तिसरा वर्ग मुद्दाम संध्याकाळी ठेवला होता. पावसाने उघडीप दिली होती, आणि आम्ही सगळे चालत तलावपाळीवर गेलो. मासुंदा तलावाच्या पलीकडच्या काठावरील दिव्यांची छायाचित्रे कॅमेऱ्याचा फोकस जाणीवपूर्वक बिघडवून घ्यायची होती. तसे केल्यावर एका गाडीवरचा प्रखर दिवा, त्याच्या शेजारचा रस्त्याचा दिवा आणि मागच्या दुकानातला लुकलुकणारा बारीक दिवा यांचा मिळून एकच पिवळा डाग झाला, आणि तो सगळा डागच लुकलुकतो आहे असे भासू लागले. टेसचा एक पिक्सेल आकाशात 21 कोनीय सेकंदांचा असतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासावर असे सुमारे 85 पिक्सेलच बसतील. एका पिक्सेलमध्ये अनेक तारे सामावणे त्यामुळे मुळीच दुर्मीळ नाही. मागच्या बाजूचा जोडतारा मुख्य ताऱ्याच्या शंभरपट मंद असला आणि ग्रहणात त्याचा निम्मा प्रकाश गेला, तर एकूण प्रकाशात अर्ध्या टक्क्याची घट दिसते. तेवढ्यावरून मुख्य ताऱ्याभोवती शनीहून थोडा लहान ग्रह फिरतो आहे, असे कोणीही म्हणेल.

यानंतर दिवा उजळ असतानाच्या छायाचित्रांतून मंद असतानाची छायाचित्रे वजा करायला सांगितली. मोबाइलच्या पडद्यावर सगळे दिवे नाहीसे झाले आणि डागाच्या मध्यापासून जरा डावीकडे एकच ठिपका उरला. तो मागच्या दुकानातल्या दिव्याचा होता. घट नेमकी कोणत्या ताऱ्याची आहे हे पाहण्यासाठी दुर्बिणींच्या प्रतिमांवरही अशीच वजाबाकी करतात. बदलणारा ठिपका लक्ष्य ताऱ्यापासून सरकलेला निघाला की संशय शेजाऱ्यावर जातो.

चौथ्या रविवारी आम्हाला ताऱ्यांची नावे झाकलेले बारा कागद मिळाले. प्रत्येकावर ‘ग्रह’, ‘चकवा’ किंवा ‘आणखी माहिती हवी’ यांपैकी एक निकाल लिहायचा आणि खाली किमान दोन वाक्यांत कारण द्यायचे, असा नियम होता. सातव्या कागदावर 3.85 दिवसांनी येणारी उथळ घट होती, आणि दोन घटींच्या मधोमध आणखी एक अगदी बारीक घट होती; ग्रह ताऱ्याआड गेला की त्याचा स्वतःचा प्रकाश झाकला जाऊन पडते तशी. सोबत दिलेल्या ताऱ्याच्या आकारावरून ग्रह साधारण नेपच्यूनएवढा ठरत होता, पण इतक्या लहान ग्रहाच्या मानाने ती मधली घट फार मोठी होती. अठरांपैकी सोळा जणांनी ‘चकवा’ लिहिले, त्यांत मीही होतो. तो केप्लर-1658 बी हा खराखुरा ग्रह निघाला. केप्लरला 2009 साली अगदी सुरुवातीला दिसलेला हा उमेदवार नेमक्या याच तर्काने बाजूला पडला होता. पुढे हवाई विद्यापीठातील संशोधक विद्यार्थिनी अ‍ॅशली चॉन्टोस आणि तिच्या सहकाऱ्यांनी ताऱ्याच्या अंतर्गत कंपनांवरून त्याचा आकार मोजला, तेव्हा तारा आधी मानला होता त्याच्या जवळजवळ तिप्पट मोठा ठरला. मग ग्रहही गुरूएवढा झाला, हिशेब जुळला आणि 2019 साली त्याची पुष्टी झाली. आमच्या शिक्षकांनी कोणालाही चूक म्हटले नाही. दिलेल्या माहितीवर आमचा तर्क बरोबर होता, पण ताऱ्याचा आकार किती खात्रीचा आहे हे आमच्यापैकी फक्त दोघांनी विचारले होते, एवढेच त्यांनी फळ्यावर लिहिले.

आता उणिवा. पाचवा वर्ग घाईत उरकला, आणि ही तक्रार मला आवर्जून नोंदवावीशी वाटते. वस्तुमान मोजून केलेली पुष्टी आणि चकव्याची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे असे गणिताने दाखवून केलेले प्रमाणीकरण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2014 साली 715 ग्रह एकदम जाहीर झाले ते एकाच ताऱ्याभोवती अनेक चकवे जमणे अतिशय अवघड असते या युक्तिवादावर, आणि 2016 साली 1284 ग्रह जाहीर झाले तेही शक्यतेच्या हिशेबानेच. मात्र असे प्रमाणित झालेले केप्लरच्या के-2 मोहिमेतील तीन ‘ग्रह’ 2017 साली कमी वस्तुमानाचे तारे ठरले. लहान तारा आकाराने गुरूएवढा असू शकतो, त्यामुळे घटीची खोली त्याला ओळखू शकत नाही. ते काम तराजूचे आहे. इतक्या मोलाच्या विषयाला चाळीस मिनिटे मिळाली.

असा तराजू आपल्याकडे अबूच्या पहाडावर, गुरुशिखर येथे आहे. भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे ‘पारस’ हे उपकरण ग्रहाच्या ओढीने तारा किती डोलतो ते मोजते, आणि टेसने दाखवलेल्या टीओआय-4603 या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या सुमारे तेरापट असल्याचे त्यानेच सांगितले. वर्गात त्याचा उल्लेख एका वाक्यात आला. पुढच्या वर्षी त्यासाठी सहावा रविवार ठेवावा, त्याचे वेगळे शुल्क घ्यावे, मी आनंदाने देईन. प्रोजेक्टरही बदलायला हवा. दहा लाखांत शंभर भागांची घट त्या फिकट पडद्यावर मागच्या रांगेतून दिसतच नव्हती.

अकरावीचे गणित आणि थोडी चिकाटी एवढ्यावर हा वर्ग झेपतो. संगणकाची भाषा येत नसली तरी चालते, कारण लागणाऱ्या आज्ञा छापून देतात. लॅपटॉप मात्र स्वतःचा न्यावा, आणि नोंदी आदल्या रात्री घरीच उतरवून ठेवाव्यात, कारण तिथे इंटरनेट संथ आहे.