कागद सगळे क्लिअर, गाडी मात्र पुरातली

गाडीचे ४,८५,०००. नावावर करून द्यायचे ९,५००. ‘अंडरकोटिंग’चे ८,०००. एकूण ५,०२,५०० रुपये गेले, आणि त्यातल्या शेवटच्या आठ हजारांची चीड सगळ्यात जास्त येते. गाडीच्या पोटाखालचा गंज झाकायला काळा थर मारतात, तो मी माझ्याच खिशातून मारून घेतला. वर डीलर म्हणतो, “आता दहा पावसाळे बघायला नको, साहेब!”

सेकंड हँड गाडीचं मीटर मागे फिरवतात, ठोकलेल्या गाडीला रंग मारून उभी करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होतं. त्यामुळे “एवढं शिकलेला माणूस आणि...” हे वाक्य कृपा करून गिळा. घरात ते पोटभर ऐकून झालंय. माझ्या गाडीचे कागद खरे होते. एकही कागद बनावट नव्हता, आणि खरी गोम तिथेच आहे.

२०१८ ची पेट्रोल सेडान, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग, फर्स्ट ओनर, मीटरवर ४१,३०७. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही, तिचा यात दोष नाही. डीलरचं आणि शहराचं नाव केस चालू आहे म्हणून लिहीत नाही. २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला. मालक पहिलाच, बोजा नाही, पीयूसी चालू, विमा चालू. चलनही एक नाही. सामान्य माणूस आणखी काय बघणार?

विमा गेल्याच महिन्यात काढलेला होता. तेही मी विचारलं, बरं का. उत्तर तयार होतं: “रत्नागिरी जिल्ह्यातल्या रिटायर्ड गुरुजींची गाडी. लॉकडाऊनपासून दारातच उभी. चालवणार कोण? म्हणून तर रनिंग कमी आहे, साहेब.” घ्या! विमा नव्हता कारण गाडी उभी होती, गाडी उभी होती म्हणून रनिंग कमी. एका थापेला दुसरीचा टेकू.

आता तो क्षण. मागच्या सीटवर आई बसणार म्हणून मागचा बेल्ट ओढून बघितला. अर्ध्यापर्यंत सुळकन आला, मग अडकत अडकत. शेवटची वीतभर पट्टी काळी नव्हती, मातकट होती, आणि तिच्यावर आडवी रेघ होती, कपबशीत चहा वाळल्यावर राहते तशी. बोट फिरवलं तर बारीक पीठ हाताला लागलं. मी त्याला दाखवलंही. तो हसला. “नातवंडं चिखलाचे पाय घेऊन बसायची हो गुरुजींची.” आणि बेल्ट सोडून दिला. सर्रकन आत गेला नाही, त्यानं हातानं ढकलला.

पाय सीटला लागतात, खांबाच्या आत गुंडाळलेल्या बेल्टच्या टोकाला कुणाचे पाय लागतील? हे मला रात्री अंथरुणावर सुचलं, तेव्हा टोकनचे ११,००० गेलेले होते. शिवाय मागे दुसरं कुटुंब ‘आम्ही आत्ता पैसे देतो’ म्हणून उभं होतं. ते कुटुंब त्याचंच होतं, असा मला आता दाट संशय आहे. गाडीत लिंबाच्या वासाचा इतका मारा होता की डोकं दुखावं. असा वास आला की समजा, खाली दुसरा वास आहे.

उरलेले पैसे: ३,५०,००० एनईएफटीनं, तेही त्याच्या ‘पार्टनर’च्या खात्यावर, आणि १,२४,००० रोख. रोखीची पावती नाही. हे करू नका. पैसे ज्याच्याकडून गाडी घेताय त्याच्याच खात्यावर, पूर्ण.

जानेवारीत काचा आपोआप खाली यायला लागल्या. मग सेंट्रल लॉक मध्यरात्री वाजायचं. एकदा खंबाटकी घाट चढताना डॅशबोर्ड काळा पडला आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागे ट्रक, शेजारी आई. कशीबशी कडेला घेतली. टोइंगचे ३,८००. खालच्या गावातल्या इलेक्ट्रिशियननं ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं, कनेक्टर ओढून माझ्यासमोर धरला. पिना हिरव्या-पांढऱ्या पडलेल्या, आणि फोमच्या खाली गाळाचा थर, वाळून चकत्या झालेला. म्हणाला, “दादा, ही पुरातली आहे.” त्याचे ४,२०० झाले, आणि या सगळ्या प्रकरणात कामाचं बोललेला तो एकच माणूस. नंतर शोरूमचं एस्टिमेट आलं, वायरिंग आणि कंट्रोल मॉड्यूल मिळून १,६७,४००.

त्याच शोरूमच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर रेकॉर्ड निघालं. शेवटची नोंद जुलै २०२१, टो करून आणली, पाण्यात बुडालेली, किलोमीटर ६३,२१२. तीन वर्षांनी माझ्या मीटरवर ४१,३०७! गाडी उभ्या उभ्या बावीस हजार उलटी चालली. ही नोंद टोकन देण्याआधी दिसू शकते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर द्या, मालकाला फोन करायला लावा. डीलर ‘रेकॉर्ड नाही, बाहेर सर्व्हिसिंग केलंय’ म्हणाला की गाडी सोडा.

मग गुरुजींचा शोध लागला. खरंच होते. चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा गाडी छतापर्यंत बुडाली होती. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण वाया गेली असं धरते, तसे त्यांना पैसे मिळाले. भंगार म्हणून गाडी उचलणाऱ्याला त्यांनी मालकी बदलाच्या कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. “अहो, ती चालते अजून?” असं त्यांनी मला विचारलं. मध्यंतरी कुणी ओटीपी मागितला होता, त्यांना वाटलं विम्याचं काहीतरी असेल. गाडी विमा कंपनीला दिली म्हणजे विषय संपला असं समजणाऱ्यांनी हे वाचा. आरसी तुमच्या नावावरच राहते.

कोरे फॉर्म आणि ओटीपी, म्हणजे कागदावर गाडी गुरुजींनी मला विकली. डीलर कुठेच नाही!

हेच धरून सगळ्यांनी मला हाकललं. पोलीस ठाण्यात साहेबांनी डिलिव्हरी नोट वाचली, खाली छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं: ‘गाडी पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतली.’ “दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.” मीटर पाडणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) मग कशासाठी आहे? तक्रार अर्जाची पोच द्या म्हटलं तर शिक्का असलेला कर्मचारी जेवायला गेलेला. आरटीओत उत्तर मिळालं, “आम्ही कागद बघतो, गाडी नाही.” जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यायचं आणि विकायला आलेली गाडी पोर्टलवर दाखवायची, हा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याच्याकडे ते नव्हतं. “मग कारवाई करा” म्हटलं, तर “लेखी द्या”. लेखी दिलं. त्या कागदाचं काय झालं ते त्या टेबललाच माहीत. विमा कंपनी तर थोर! पुरात बुडालेली गाडी आपणच भंगारात काढली, पण मला सांगतात, ग्राहकाची माहिती गोपनीय आहे. माझ्या नावावर असलेल्या गाडीची माहिती माझ्यापासून गोपनीय. आरसीवर ‘टोटल लॉस’ असा शिक्का मारायला यांच्या बापाचं काय जातं?

एमएच ०८ ची, किंवा २०१९ च्या पुरानंतरची कोल्हापूर-सांगलीची प्रत्येक गाडी बुडालेली नसते. पण पूर आलेल्या गावचं पासिंग आणि मध्ये विम्याला खंड, हे दोन्ही एकत्र दिसलं तर कार्पेट उचलल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. सीटच्या खालचे बोल्ट आणि रेल गंजलेत का, हात घालून बघा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. माझा लागतच नव्हता, आणि मी ‘दिवा नाही म्हणजे बिघाड नाही’ समजलो. सगळेच तसं समजतात. ताजं अंडरकोटिंग दिसलं तर नखानं खरवडा. मेकॅनिक तुमचा न्या, डीलरनं सुचवलेला नको, आणि इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

डिलिव्हरी नोटवर डीलरचं नाव, सही, शिक्का, आणि हातानं लिहून घ्या: ‘गाडी पुरात बुडालेली नाही, टोटल लॉस नाही, मीटर खरे आहे.’ पेन थांबलं की उठा.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. गाडीची किंमत पाच लाखांच्या आतली असल्यानं शुल्क शून्य, मुदत दोन वर्षं. डीलरकडून घेतलेल्या गाडीलाच हा रस्ता आहे, शेजाऱ्याकडून घेतली असेल तर नाही. ‘पार्टनर’च्या खात्याची एनईएफटी नोंद आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज हेच माझे पुरावे. नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला. तक्रार मागे घेतली तर ४०,००० देतो म्हणाला, आणि वर सल्ला, “गाडी घाटमाथ्यावर कुणाला तरी काढून टाका, मी गिऱ्हाईक देतो.” तो कॉल मी रेकॉर्ड केलाय. पुढच्या तारखेला देणार आहे.