कादंबरीसाठी लढाई निवडताना: एडिंग्टन की मॉल्डन?

इंग्लंडमधल्या सॅक्सन-व्हायकिंग युद्धावर कादंबरी लिहायची तर बहुतेकांना आधी 878 ची एडिंग्टनची लढाई आठवते, आणि ते रास्तही आहे. जानेवारीत व्हायकिंग म्होरक्या गथ्रमने चिपनहॅम गाव बळकावलं, सॅक्सनांचा राजा आल्फ्रेड अथेल्नीच्या दलदलीत दडला, मे महिन्यात माणसं गोळा करून बाहेर पडला आणि जिंकला. शत्रूला नाव आहे, शेवटी त्याचा बाप्तिस्माही आहे. राजकारण आणि हेरगिरी यांत रस असेल, तर कदाचित हीच निवड बरी.

घोडं अडतं ते ऐन लढाईत. राजाचा चरित्रकार ॲसर सांगतो ते एवढंच: दाट ढालभिंत (ढालीला ढाल भिडवून उभी राहिलेली सैनिकांची रांग) करून आल्फ्रेड बराच वेळ नेटाने लढला आणि देवकृपेने जिंकला. नंतरच्या 14 दिवसांच्या वेढ्याची भूक आणि थंडी तो नोंदवतो, पण रणात कोण कुठे उभा होता, उतार कोणाच्या बाजूला होता, भिंत कुठे फुटली, याबद्दल अवाक्षर नाही. सगळं कथानक ज्या दिवसाकडे धावतं, तोच दिवस मनाने रचावा लागतो आणि मग तो कुठल्याही लढाईसारखा दिसायला लागतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

ऑगस्ट 991 च्या मॉल्डनच्या लढाईवर जुन्या इंग्रजीतली एक कविता आहे. आदि-अंत हरवलेला, तरी 325 ओळी उरल्यात. व्हायकिंग खाडीतल्या बेटावर (बहुतेकांच्या मते नॉर्थी) आणि सॅक्सन किनाऱ्यावर. मधली वाट भरतीला पाण्याखाली जाते, त्यामुळे ओहोटीपर्यंत दोन्ही सैन्यं नुसती समोरासमोर. पाणी उतरल्यावर वुल्फस्टानसह तिघे जण ती वाट अडवतात. मग सॅक्सनांचा सरदार बिर्टनॉथ शत्रूला अलीकडे येऊ देतो आणि चूक तिथेच होते. प्रसंगांच्या वेळा भरती-ओहोटीशी ताडून घ्या. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास धरा.

भिंत का फुटते, हेही कविता नेमकं सांगते. बिर्टनॉथ घोड्यावरून रांगा लावतो, ढाल घट्ट कशी धरायची ते शिकवतो, मग पायउतार होऊन आपल्या माणसांत उभा राहतो. तो पडल्यावर त्याच्याच पदरचा गॉड्रिक त्याच्या घोड्यावरून पळतो. लोकांना वाटतं, खुद्द धनीच पळाला, आणि रांग विस्कटते. इतकं खरं वाटणारं कारण बसल्या जागी सुचणं कठीण.

अर्थात हे कवीचं कथन आहे, प्रत्यक्षदर्शीची नोंद नाही. व्हायकिंगांच्या बाजूने एका दूताखेरीज कोणी बोलत नाही, त्यांच्या म्होरक्याचं नावही कवितेत नाही. ती बाजू तुम्हालाच उभी करावी लागेल, पण तिथे मोकळीकही आहे. बिर्टनॉथला निवेदक मात्र करू नका, तो मध्येच मरतो. त्यापेक्षा डनर हा साधा शेतकरी घ्या. सरदार पडल्यावरही तो भाला हलवत मागे न हटण्याची हाक देतो, त्यामुळे घोडा पळताना दिसण्यापासून अखेरच्या फळीपर्यंत सगळं त्याच्या नजरेतून सांगता येईल.