लातुरात पीसी स्लो झाला असंल तर फॉरमॅट मारायच्या आधी या रिपेअरिंगच्या दुकानात दाखवा

चार स्टार. पाचवा कामून कापला ते खाली सांगतो, आधी कामाचं बोलू.

माझं डीटीपीचं काम आहे, ट्यूशन एरियातल्या क्लासवाल्यांचे नीटचे टेस्ट पेपर सेट करून द्यायचे, म्हणजे दिवसभर कोरल ड्रॉ, श्रीलिपी आणि पीडीएफ. पीसी जुनाच, आय फाइव्ह फोर्थ जनरेशन, एच ८१ चा मदरबोर्ड. दुसऱ्या एका ठिकाणी त्यात एसएसडी म्हणजे फास्टवाली डिस्क टाकून घेतली, रॅम वाढवली, वरून साफसफाई आणि प्रोसेसर-कुलरच्या मधी लावतात ती नवीन पेस्ट. घरी आणला तर पहिल्यापेक्षा स्लो! विंडोज झटकन उघडतं पण कोरलमधी फाइल उघडली की माऊससुद्धा अडकत अडकत सरकतो, आणि पंखा असा ओरडतो की बाजूच्या खोलीत ऐकू जावा. त्यांना फोन केला तर म्हणे विंडोज करप्ट असंल, फॉरमॅट मारू, नाहीतर आता नवीनच घेऊन टाका, तसंही विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. संपलाय हे खरंय, आणि फोर्थ जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही हे पण खरंय, पण सपोर्ट संपला म्हणून माऊस अडकत नसतो राव.

मग इथं आणला. मालकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, मशीन उघडल्यापासून स्लो झाली का आधीपासूनच होती?" उघडल्यापासून म्हणल्यावर त्यांनी विंडोजला हातच लावला नाही. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधी सीपीयूचा स्पीड दाखवला, कोरल चालू असताना ०.८० गीगाहर्ट्झ. "हे बगा, तीन पॉइंट दोनचा प्रोसेसर पॉइंट आठवर चाललालाय." नंतर पेनड्राइव्हवरून एचडब्ल्यूमॉनिटर, म्हणजे टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं तर टेंपरेचर ९९, १००. एवढं तापलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच स्पीड पाडतो, आणि आपण बसतो व्हायरस शोधत.

साइडचा पत्रा काढला आणि सीपीयूच्या कुलरला एका बोटानं हलवलं, तर ते चक्क डुगडुगलं. इंटेलच्या त्या गोल कुलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. काढताना त्या बाणाच्या दिशेनं फिरवायच्या, पण बसवायच्या आधी परत उलट्या फिरवून घ्याव्या लागतात, मग समोरासमोरच्या दोन दोन दाबायच्या, टक्क आवाज आला पाहिजे. माझ्या दोन पिना फिरवलेल्या तशाच राहिलेल्या, म्हणजे वरून बसल्यासारख्या दिसायच्या पण बोर्डाखाली लॉकच नव्हत्या. कुलर काढल्यावर बघितलं तर पेस्ट अर्ध्याच भागाला टेकलेली, बाकी अर्धी लावली तशी ओली. पंखा जोरात फिरतोय म्हणून कुणाला शंका पण येत नाही. त्यांनी जुनी पेस्ट पुसून काढली, मधोमध मुगाच्या दाण्याएवढी नवीन टाकली आणि चारी पिना बोर्ड उलटा करून मागून तपासल्या. आता एवढ्या उन्हाळ्यात पीडीएफ बनवताना सत्तरच्या आतच राहतं.

जाता जाता अजून एक सापडलं, एसएसडी स्लो पोर्टला लावलेला होता. एच ८१ ला डिस्क जोडायचे चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ गीगाबिटचे, बाकीचे ३ चे. केबल बदलली, फुकटात स्पीड जवळपास डबल. रॅमच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत, एक १३३३ स्पीडची एक १६००, त्यामुळं दोन्ही १३३३ वरच चालतात, पण तुमच्या कामाला त्यानं काही फरक पडत नाही, राहू द्या म्हणले. इथं दुसरा असता तर नवीन पट्टी गळ्यात मारली असती.

सगळे मिळून साडेतीनशे घेतले, पेस्ट धरून. मला तर कमीच वाटले.

आता एक स्टार कापला त्याचं. पक्कं बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, ऑफिसची मशीन असंल तर हे चालणार नाही. फोन उचलत नाहीत. बसायला एक स्टूल, त्यावर पण कुणाचा तरी प्रिंटर ठेवलेला. दुपारी दीड ते चार शटर बंद, आणि संध्याकाळी क्लास सुटले की पोरांच्या सायकलींमुळं गाडी लावायला जागा नाही, म्हणून सकाळी साडेदहालाच जा. नुसता सीपीयूचा डबा न्या, मॉनिटर आणि केबल त्यांच्याकडं आहेत.