‘लाइफटाइम’ फ्यूजन घेतलं आणि ३७ मॉडेल्स गेली

मी पुण्यात राहतो आणि व्हिडिओ गेमसाठी शस्त्रांची थ्रीडी मॉडेल्स करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये एका सकाळी माझं नऊ महिन्यांचं काम बंद झालं. रोख पैसे गेले ते ४,५०० रुपये. काम गेलं त्याची किंमत मी अजून काढू शकलेलो नाही. या धंद्यात नव्याने येणारी बरीच मुलं ‘स्वस्तात कॅड (अचूक मापांनी वस्तू घडवायचं सॉफ्टवेअर) कुठे मिळेल’ असं विचारताना दिसतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मी सगळं ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करायचो. पण फर्स्ट पर्सन गेममध्ये बंदूक खेळाडूच्या डोळ्यासमोर असते, स्क्रीनचा मोठा भाग तीच व्यापते. पिस्तुलाच्या स्लाइडचा गोलसर माथा घ्या. काडतुसाची पुंगळी बाहेर पडते ती खिडकी त्या माथ्यात कापायची आणि तिच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई द्यायची. पॉलिगॉन मॉडेलिंगमध्ये, म्हणजे छोटे सपाट तुकडे जोडून आकार करण्यात, एवढ्यासाठी माझी अख्खी दुपार जायची, आणि तरी उजेड पडला की तिथे पृष्ठभागावर वळी दिसायचीच. कॅडमध्ये तेच काम म्हणजे एक कट आणि एक फिलेट. शिवाय ऑटोडेस्क कंपनीच्या फ्यूजन या कॅड सॉफ्टवेअरमध्ये खाली टाइमलाइन असते, म्हणजे केलेल्या प्रत्येक कृतीची क्रमवार पट्टी. क्लायंटने ‘नळी जरा जाड करा’ म्हटलं की मागे जाऊन एक आकडा बदलायचा. मॅगझिन खरंच आत बसतं का, स्लाइड मागे किती सरकते, हेही तिथेच तपासता येतं.

म्हणून २०२३ च्या दिवाळीत मी ऑटोडेस्कचं फ्यूजन घ्यायचं ठरवलं. मोफत पर्सनल लायसन्स होतं, पण ते धंद्यासाठी चालत नाही. त्यात एका वेळी फक्त १० फाइल्स संपादनासाठी खुल्या ठेवता येतात आणि वर्षाला १,००० डॉलरच्या आत मिळकत असणाऱ्यांसाठीच ते आहे. माझ्या हातात परदेशी स्टुडिओचं काम होतं. दरवर्षी वर्गणी भरायची जिवावर आलं होतं. तेवढ्यात एका मेसेजिंग ग्रुपवर जाहिरात आली : फ्यूजन लाइफटाइम, ४,५०० रुपये, सोबत ‘एका क्लिकमध्ये गेम-रेडी लो-पॉली’ (गेममध्ये वापरायची कमी तुकड्यांची हलकी आवृत्ती) करून देणारं प्लगइन, आणि जीएसटी बिल.

तिथेच थांबायला हवं होतं. फ्यूजन वर्गणीवरच मिळतं. ऑटोडेस्कने आपल्या इतर सॉफ्टवेअरचीही कायमस्वरूपी लायसन्सं नव्याने विकणं २०१६ मध्येच बंद केलं. म्हणजे जी वस्तू अस्तित्वातच नाही ती मी विकत घेत होतो. मी सॉफ्टवेअर काय-काय करतं याचे तासन्‌तास व्हिडिओ पाहिले होते, पण ते विकलं कसं जातं हे पाच मिनिटंही पाहिलं नव्हतं.

यूपीआयने पैसे गेले ते एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात. बदल्यात लायसन्स-की आली नाही, एक ईमेल आयडी आणि पासवर्ड आला. वर ताकीद : “सर, पासवर्ड बदलू नका, ॲक्टिवेशन जाईल.” फ्यूजन उघडलं, सगळं चाललं, आणि मी निश्चिंत झालो. डेटा पॅनेलमध्ये मी न बनवलेली एक फाइल होती, कनेक्टिंग रॉडची. मला वाटलं, नमुना म्हणून दिली असेल. महिन्याभराने त्याच नावाची दुसरी आवृत्ती दिसली, तेव्हाही मी दुर्लक्ष केलं. कुणी विद्यार्थी त्याच खात्यावर आपली असाइनमेंट करत होता. तो आयडी विद्यार्थ्यांच्या मोफत लायसन्सचा होता आणि कितीजणांना विकला होता देव जाणे.

प्लगइनची झिप फाइल उघडण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगितलं होतं. मी तेही केलं. त्यातून कामाचं काहीच निघालं नाही, उलट पुढे मशीन पूर्ण फॉरमॅट करावं लागलं. हे नीट लक्षात ठेवा : कॅडमधून मेश (तुकड्यांची जाळी) बाहेर काढला की त्रिकोणांचा ढीग येतो. हाय-पॉली, म्हणजे सगळे बारकावे असलेली जड आवृत्ती, म्हणून तो चालतो. त्यासाठीही कित्येकजण स्टेप फाइल (जवळपास सगळ्या कॅडमध्ये उघडणारी) मॉय या दुसऱ्या कॅडमध्ये नेऊन स्वच्छ मेश काढतात, मग झीब्रश या शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये कडा जरा मऊ करतात, कारण अगदी धारदार कड नॉर्मल मॅपमध्ये (हाय-पॉलीचे बारकावे लो-पॉलीवर दाखवणारं चित्र) नीट बेक होत नाही, म्हणजे उतरत नाही. लो-पॉली आणि यूव्ही (मॉडेलचा पृष्ठभाग उलगडून सपाट करणं) मात्र बहुतांशी हातानेच करावं लागतं. ‘एका क्लिकमध्ये’ म्हणणारा माणूस हे काम जाणत नाही किंवा खोटं बोलतोय.

मग ती ऑगस्टची सकाळ. पासवर्ड चुकीचा. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं तर मेल जाणार त्या विकणाऱ्याच्याच आयडीवर. त्याचा नंबर बंद. फ्यूजनच्या फाइल्स मुळात क्लाउडवर, ज्याचं खातं त्याच्या ताब्यात. माझी ३७ मॉडेल्स तिथे होती. माझ्या डिस्कवर निघाले ते १४ जुने ओबीजे, म्हणजे टाइमलाइन नसलेला थिजलेला मेश. त्याच आठवड्यात स्टुडिओने सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा पुरावा मागितला. मी ते बिल शोधून काढलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. बिलावर १४ होती.

मी स्टुडिओला खरं काय ते सांगितलं. विद्यार्थी लायसन्सवर केलेलं काम त्यांना वापरता येणार नव्हतं, करार संपला. त्यांचं काही चुकलं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर नऊ महिने उलटले होते. ही हेल्पलाइन पैसे गेल्यावर लगेच फोन केला तर सर्वात उपयोगाची, कारण तेव्हाच रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येते.

आता मी प्लास्टिसिटी हे कॅड सॉफ्टवेअर वापरतो. ते एकदाच पैसे देऊन घेता येतं, राइनो आणि मॉयचंही तसंच आहे. तिन्हींची चाचणी आवृत्ती मोफत मिळते, राइनोची तर ९० दिवस. प्लास्टिसिटीत फ्यूजनसारखी टाइमलाइन नाही, ती मला रोज आठवते. ज्यांना टाइमलाइन हवीच आणि पैसे नाहीत त्यांनी फ्रीकॅड बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, धंद्यासाठीही मोफत आहे. फिलेटच्या बाबतीत ते तुमची परीक्षा बघेल, पण फाइल तुमच्याच डिस्कवर राहील.

कनेक्टिंग रॉडवाल्या त्या विद्यार्थ्याचंही काम माझ्यासोबतच गेलं असणार. तुमच्याकडे असा दुसऱ्याने दिलेला आयडी असेल, तर आज रात्रीच बसा. एकेक फाइल उघडून एफथ्रीडी (फ्यूजनची स्वतःची, टाइमलाइनसह फाइल) आणि स्टेप या दोन्ही रूपांत एक्सपोर्ट करा, आणि घरातल्या हार्ड डिस्कवर ठेवा. माझी ३७ फाइल्सची यादी होती; दोन तासांत झालं असतं.