कंपनीची मेडिकल इन्फर्मेशन सेवा: साठवणुकीला उत्तम, तुलनेला बेताची

औषध कंपनीच्या मेडिकल अफेअर्स विभागाची बरीच कामं बाहेरून दिसत नाहीत. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्या रोजच्या उपयोगाचं काम म्हणजे मेडिकल इन्फर्मेशन. फोन किंवा ईमेल करा, प्रश्न विचारा, लेखी उत्तर घ्या. पैसे पडत नाहीत. साठवणूक, घटकद्रव्यं, कुठल्या सलाइनमध्ये मिसळायचं, अशा प्रश्नांना या सेवेला तोड नाही. ‘तुमचं औषध दुसऱ्या कंपनीच्या औषधापेक्षा सरस का?’ हे मात्र इथे विचारूच नये.

उत्तराचा दर्जा प्रश्नावर ठरतो. ‘फ्रिज बंद पडला होता, इंजेक्शनं चालतील का?’ एवढंच विचारलं, तर २ ते ८ अंशांत ठेवा, हे माहितीपत्रकातलंच वाक्य परत येतं. स्ट्रेंथ, बॅच नंबर, एक्स्पायरी, कमाल आणि किमान तापमान, किती तास, आणि याच मालाला आधी कधी असा फटका बसला होता का, एवढं दिलं की स्थिरतेच्या चाचण्यांचा आधार घेऊन नेमकं उत्तर देता येतं. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. पण सहा तास आज आणि चार तास गेल्या महिन्यात, हे औषधाच्या खात्यात एकत्रच जमा होतात. किमान तापमानही तितकंच महत्त्वाचं: गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी वापरायचं नसतं. उत्तर येईपर्यंत माल वापरू नका, फेकूही नका. ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून योग्य तापमानात बाजूला ठेवा.

लेखी उत्तर बहुधा आधीच तयार असलेल्या मसुद्यावरून येतं. त्यात काही गैर नाही, पण तारीख बघा. माहिती कुठे शोधली, कधीपर्यंतची शोधली, कोणते अभ्यास वगळले, हे लिहिलेलं असेल तर पत्र चांगलं. ‘डेटा ऑन फाइल’ (म्हणजे कंपनीकडेच असलेली, प्रसिद्ध न झालेली माहिती) असा संदर्भ दिसला की तो मजकूर मागून घ्या. मिळाला नाही तर त्या वाक्याला शून्य गुण. आणि टक्केवारी नीट वाचा. धोका ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला तर ‘२५ टक्के घट’ हे खोटं नाही, पण प्रत्यक्ष फरक १ टक्क्याचा. म्हणजे एकाला फायदा व्हायला १०० जणांना औषध द्यावं लागतं. पत्रात दोन्ही आकडे असायला हवेत.

सर्वात जास्त चिडचिड होते ती उलटतपासणीची. विचारायचं असतं डोसबद्दल, बोलता बोलता ‘पेशंटला पुरळ आलं’ असं निघून जातं, आणि पलीकडून वय, लिंग, बॅच असे प्रश्न सुरू होतात. त्यांचा नाइलाज असतो. ओळखता येण्याजोगा रुग्ण, कळवणारी व्यक्ती, संशयित औषध आणि घडलेला त्रास, या चार गोष्टी जुळल्या की दुष्परिणामाचा अहवाल ग्राह्य होतो. गंभीर प्रकारांत अनेक देशांत तो १५ दिवसांत नियामकाकडे जावा लागतो आणि घड्याळ तुमच्या फोनपासून सुरू होतं. रुग्णाचं नाव सांगायची गरज नाही. वय किंवा आद्याक्षरं पुरतात. बायोलॉजिकल औषध (जिवंत पेशींपासून बनवलेलं, उदाहरणार्थ इन्सुलिन) असेल तर ब्रँड आणि बॅच नंबर जवळ ठेवूनच फोन लावा.

ऑफ-लेबल, म्हणजे मंजुरीबाहेरच्या, वापराबद्दल एमआरला (कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला) विचारलं तर त्याने विषय मेडिकल अफेअर्सकडे द्यायला हवा. मग फोन येतो किंवा एमएसएल, म्हणजे डॉक्टरांशी शास्त्रीय चर्चा करणारा कंपनीचा ‘मेडिकल सायन्स लायझन’, भेटायला येतो (हे पद १९६७ साली अपजॉन कंपनीने सुरू केलं, तेव्हा नवं प्रकरण नाही). प्रश्न तुमचा, तुम्ही आपणहून विचारलेला असला पाहिजे. ‘डॉक्टर, तुम्ही हा प्रश्न विचारला असं लिहून देता का?’ असं एमआरच म्हणू लागला, तर सही करू नका. बरा एमएसएल औषधाच्या विरोधात गेलेला अभ्यासही काढून दाखवतो. त्याच्या ‘टार्गेट’मध्ये विक्रीचा आकडा नसावा, हे सरळ विचारायला हरकत नाही.

कामाच्या वेळेबाहेर फोन कॉल सेंटरकडे जाण्याची शक्यता असते आणि तिथला माणूस कदाचित फक्त नोंद घेऊन ठेवील. ओव्हरडोस असेल तर हा नंबर दुसरा. पहिला विषबाधा केंद्राचा.